दहा हजार वर्षांनंतरच्या माणसास इशारा कसा द्यावा?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाड नावाचे गाव आहे. त्या गावाच्या पूर्वेस सुमारे ४२ किलोमीटर अंतरावर, ओसाड माळरानाखाली, मिठाचा एक प्रचंड थर पसरलेला आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी तेथे असलेला समुद्र आटून तो तयार झाला. या मिठात ६५५ मीटर खोलीवर दालने खोदून, अण्वस्त्रनिर्मितीतून उरलेला किरणोत्सर्गी कचरा तेथे पुरण्याचे काम अमेरिकन सरकारने मार्च १९९९ मध्ये सुरू केले. 'वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट' असे या जागेचे लांबलचक नाव असून आद्याक्षरांवरून तिला 'विप' म्हणतात. हातमोजे, कामाचे कपडे, अवजारे, चिंध्या, गाळ अशा प्लुटोनियमसारख्या द्रव्यांनी दूषित झालेल्या वस्तू पिंपांत भरून तेथे ठेवल्या जातात. मीठ दाबाखाली अतिशय सावकाश सरकते. दालने भरल्यानंतर काही काळाने ते स्वतःच पिंपांभोवती आवळत जाईल आणि पोकळी बुजून जाईल, अशी ही योजना आहे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा प्रश्न अवघड असला तरी समजण्याजोगा आहे. त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न मात्र अभियंत्यांच्या आवाक्यातला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८५ साली घालून दिलेल्या मानकांनुसार असा कचरा १०,००० वर्षे मानवी वस्तीपासून अलग राहिला पाहिजे. हा आकडाही तसा प्रशासकीय सोयीचा आहे. प्लुटोनियम-२३९ या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे असते. म्हणजे आज पुरलेल्या अशा प्लुटोनियमपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग १०,००० वर्षांनंतरही शिल्लक असेल. एवढ्या काळात तेथे येणाऱ्या माणसास, 'येथे खोदू नका', हे कसे सांगावयाचे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

जागा बंद झाल्यानंतर प्रत्यक्ष पहाऱ्यावर किती काळ भिस्त ठेवता येईल, याविषयी नियम स्पष्ट आहे : जास्तीत जास्त १०० वर्षे. उरलेल्या ९,९०० वर्षांत कोणतेही राज्य, कोणतीही संस्था वा भाषा टिकून राहील असे धरून चालता येत नाही. मागे वळून पाहिले म्हणजे या अंतराची कल्पना येते. १०,००० वर्षांपूर्वी मनुष्य नुकता कोठे शेती करू लागला होता. लेखनकलेचे वय पाच हजार वर्षांहून थोडेसेच अधिक आहे. भगवान बुद्धांपासून आपल्यापर्यंतचे सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर चार वेळा मोजावे, तेव्हा कोठे हा हिशेब पुरा होतो.

ज्यास इशारा द्यावयाचा, तो मनुष्य चोर किंवा शत्रू असेलच असे नाही. 'विप'च्या आसपासच्या भूमीत खनिज तेल, नैसर्गिक वायू व पोटॅश यांचे साठे आहेत. त्यामुळे ज्याची खरी चिंता आहे तो मनुष्य म्हणजे विंधणयंत्र घेऊन आलेला एखादा साधा कामकरी. त्याला इंग्रजी येत नसेल, अमेरिका नावाचे राष्ट्र कधी होते हेही त्यास ठाऊक नसेल. त्याच्या हातात यंत्र आहे आणि खाली काय आहे याची त्याला कल्पना नाही, एवढेच निश्चित.

अशोकाचा स्तंभ आणि सुलतान फिरोजशहा

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न नव्याने उभा राहिला; तथापि दीर्घकाळ टिकणारा संदेश दगडावर कोरून ठेवण्याचा एक विशाल प्रयोग आपल्या देशात २,२०० वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकालही आपल्यासमोर आहे. तो प्रयोग सम्राट अशोकाचा होय.

अशोकाने आपल्या धम्मलिपी शिलांवर आणि स्तंभांवर कोरविल्या, त्या केवळ तत्कालीन प्रजेसाठी नव्हेत. आपले पुत्र-पौत्र यांच्या काळापर्यंत, किंबहुना सूर्य-चंद्र असेपर्यंत हे लेख टिकावेत, असा हेतू त्याने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. लोकांस कळावे म्हणून त्याने संस्कृत न वापरता प्राकृत वापरली, वायव्येकडे खरोष्ठी लिपी वापरली, आणि सरहद्दीपलीकडच्या लोकांसाठी ग्रीक व अरामी भाषांतही लेख कोरविले. वाचकाचा एवढा विचार करणारा राज्यकर्ता प्राचीन जगात विरळाच. लेख लोकांना ठरावीक दिवशी वाचून दाखवावेत, अशीही त्याची आज्ञा होती. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या प्रयोगाचे पुढे काय झाले? चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने हरियाणातील टोपरा येथील अशोकस्तंभ उपटवून मोठ्या कष्टाने दिल्लीस आणविला व आपल्या नव्या कोटल्यात उभा केला. स्तंभावरील अक्षरे तेव्हा सुस्थितीत होती, आजही आहेत. सुलतानाने ब्राह्मण पंडितांना बोलावून ती वाचावयास सांगितली. एकासही ती वाचता आली नाहीत. शम्स-इ-सिराज अफीफ या तत्कालीन इतिहासकाराने पुढे आणखी एक गोष्ट नोंदविली आहे : काहींनी असा अर्थ सांगितला की, हा स्तंभ जागचा हलविणे कोणासही शक्य होणार नाही, पुढे फिरोज नावाचा सुलतान येईल तोच तो हलवील, असे यावर लिहिले आहे! प्राणिहिंसेचा निषेध, प्रजेच्या कल्याणाची तळमळ, सर्व पंथांविषयी आदर यांविषयीचा मजकूर डोळ्यांसमोर असताना त्यातून राजाची खुशामत वाचली गेली. लोकांच्या तोंडी तर असे स्तंभ महाभारतातील भीमाची काठी ठरले होते. सतराव्या शतकात टॉमस कॉरिएट नावाच्या इंग्रज प्रवाशास दिल्लीचा स्तंभ शिकंदराने उभारलेला वाटला. न वाचता येणारा लेख फार काळ रिकामा राहत नाही. ज्याला जे हवे ते तो त्यात भरतो.

ही लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने उलगडली. तो कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी होता. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील अनेक छोट्या लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे त्याच्या लक्षात आले. हे लेख देणगीचे असावेत आणि ती दोन अक्षरे म्हणजे 'दानं' हा शब्द असावा, असा तर्क त्याने केला, व तेथून लिपी मोकळी झाली. सामान्य उपासक-उपासिकांनी दिलेल्या लहानसहान दानाच्या नोंदी सम्राटाच्या लेखांची किल्ली ठरल्या, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. परंतु लिपी वाचता आली तरी लेखातील 'देवानंपिय पियदसि' हा राजा कोण, हे कोडे सुटत नव्हते. प्रिन्सेपने आरंभी तो सिंहलद्वीपाचा राजा मानला होता. उत्तर सिंहलद्वीपातूनच आले. तेथे नोकरीस असलेल्या जॉर्ज टर्नर याने दीपवंस या पाली ग्रंथाच्या आधारे दाखवून दिले की, पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक होय.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. भारतात दगड शाबूत होता, अक्षरे शाबूत होती. परंतु वाचणाऱ्यांची परंपरा तुटली होती. विहार ओस पडले, अध्ययन-अध्यापन थांबले, आणि अशोक हे पुराणांतील राजांच्या यादीतले केवळ एक नाव होऊन राहिले. उलट सिंहलद्वीपात ताडपत्रे होती. ताडपत्र काही शतकांत कुजते, त्यास वाळवी लागते. म्हणूनच ते पुनःपुन्हा नकलून घ्यावे लागते, आणि नकलण्यासाठी आधी वाचता यावे लागते. टिकाऊ माध्यमाने अर्थ हरविला आणि नाशवंत माध्यमाने तो सांभाळला, असा हा विलक्षण प्रकार आहे. त्याचे कारण ताडपत्रात नसून ते दर पिढीस नव्याने शिकविणाऱ्या भिक्खुसंघात आहे.

महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे. पालघर जिल्ह्यातील सोपारा हे अशोककाळातील भरभराटीचे बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला, आणि पुढे १९५६ साली जवळच भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. एकेकाळी तेथे समग्र शिलालेख असणार. हाती आले ते दोन तुकडे. बावीसशे वर्षांत एवढी झीज होत असेल, तर १०,००० वर्षांसाठी दगडावर विसंबणाऱ्याने आपला अंदाज तपासून पाहावा.

काट्यांचे रान

'विप'साठी खुणा कशा उभाराव्यात, हे सुचविण्यासाठी अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने तज्ज्ञांचे दोन स्वतंत्र गट नेमले. त्यांत मानवशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ, वास्तुविशारद व चित्रकार होते. त्यांचा अहवाल १९९३ साली प्रसिद्ध झाला. शासकीय अहवालांत इतका कल्पक अहवाल क्वचितच आढळेल. एका गटातील वास्तुविशारद मायकेल ब्रिल यांची कल्पना अशी की, भाषा मरते, परंतु भीती मरत नाही. तेव्हा जागेचे रूपच असे करावे की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यासाठी जमिनीतून वेडेवाकडे बाहेर आलेले प्रचंड दगडी काटे, शेती वा वस्ती करता येणार नाही असे काळे तापणारे पटांगण, मध्यभागाकडे धावणारे विजेच्या आकाराचे मातीचे बांध, अशी निरनिराळी दृश्ये सुचविली गेली. हे सन्मानाचे स्थान नाही, येथे काही मौल्यवान नाही, येथील धोका तुमच्या काळातही जिवंत आहे, असा आशय त्या दृश्यांतून कोणत्याही भाषेवाचून पोहोचावा अशी अपेक्षा होती. त्याच्या जोडीला वेदनेने पिळवटलेले मानवी चेहरे, चित्रमालिका आणि मग निरनिराळ्या पातळ्यांवरील मजकूर : प्रथम 'हे मानवनिर्मित आहे' एवढेच, नंतर 'हे धोक्याचे आहे', त्यानंतर का आणि किती, आणि शेवटी शास्त्रीय तपशील.

या योजनेतील पायऱ्यांची कल्पना निःसंशय चांगली आहे. दगडी काट्यांविषयी मात्र शंका येते. मनुष्यप्राण्याचा स्वभाव पाहता, एवढे भव्य आणि भयंकर काही उभारले म्हणजे तो तेथून पळण्याऐवजी तेथे यात्रा भरवील. इजिप्तच्या राजांनी आपल्या थडग्यांच्या रक्षणासाठी काय थोडे उपाय केले होते? तरी त्यांतील बहुतेक थडगी प्राचीन काळातच लुटली गेली. मोठी खूण म्हणजे खाली मोठे धन, असाच निष्कर्ष लोक काढीत आले आहेत.

चिन्हांचेही असेच आहे. किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह १९४६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे तयार झाले. ज्याला ते शिकविले नाही, त्यास ते पंख्याचे किंवा फुलाचे चित्र वाटावे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने भारतासह ११ देशांतील लोकांवर चाचण्या घेऊन २००७ साली एक नवे चिन्ह जाहीर केले. त्यात तीन पात्यांतून निघणारे किरण, कवटी आणि पळणारा मनुष्य दाखविलेला आहे. ते तीव्र किरणोत्सर्गी उगमांवर लावावयाचे असते.

असे चिन्ह का करावे लागले, हे समजण्यासाठी ब्राझीलमधील गोयानिया शहराची हकीकत पाहावी. सप्टेंबर १९८७ मध्ये तेथील एका बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात सोडून दिलेले यंत्र भंगार गोळा करणाऱ्या दोघांनी उचलून नेले. त्याच्या गाभ्यात सीझियम-१३७ होते. भंगारवाल्याच्या आवारात ते फोडले गेले. आतील भुकटी अंधारात निळी चमकते हे पाहून लोकांना ती अद्भुत वाटली. ती घरी नेली गेली, नातेवाइकांत वाटली गेली. चार जण मेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. सुमारे २४९ लोक दूषित झाले व एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. यास १०,००० वर्षे लागली नाहीत. शहर तेच, भाषा तीच, पिढीही तीच. केंद्र सोडून जाणाऱ्यांस जे ठाऊक होते ते भंगार उचलणाऱ्यांपर्यंत पोहोचले नव्हते, एवढाच फरक.

अणुपुरोहितांची सूचना

याच विषयावर अमेरिकन शासनाने 'विप'च्या आधीही एक अभ्यासगट नेमला होता. त्या गटासाठी चिन्हमीमांसक टॉमस सेबिऑक यांनी १९८४ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यांचे पहिले प्रतिपादन अत्यंत समंजस आहे. कोणताही एक संदेश १०,००० वर्षे टिकणार नाही. म्हणून तो टप्प्याटप्प्याने पुढे द्यावा, प्रत्येक काही पिढ्यांनी तो आपल्या भाषेत पुन्हा लिहावा आणि पुढच्यांनीही तसेच करावे असे त्यात बजावून ठेवावे. सिंहलद्वीपातील भिक्खूंनी जे केले तेच हे.

परंतु हे काम करील कोण? या प्रश्नाच्या उत्तरादाखल सेबिऑक यांनी 'अणुपुरोहितवर्गा'ची सूचना केली. भौतिकशास्त्रज्ञ, वैद्यक, भाषा व मानसशास्त्र यांचे जाणकार यांचा एक मंडल-समूह असावा. त्याने आपले सभासद स्वतःच निवडावेत. खरे ज्ञान त्याच्यापाशीच राहावे. आणि इतर लोकांसाठी त्याने मुद्दाम दंतकथा रचाव्यात, वार्षिक विधी सुरू करावेत, ज्यायोगे अज्ञ लोक त्या जागेपासून एखाद्या अलौकिक कोपाच्या भीतीने दूर राहतील. हा विचार सेबिऑक यांनी थट्टेने मांडलेला नव्हता. त्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकाने विद्वानांकडून मागविलेल्या उत्तरांत किरणोत्सार होताच रंग बदलणाऱ्या मांजरांची पैदास करण्यापर्यंतच्या कल्पना आल्या. त्यांवर हसून पुढे जाता येते. अणुपुरोहितांवर हसून पुढे जाता येत नाही.

ज्ञान थोड्यांच्या हाती, त्यांची निवड त्यांच्याच हाती, आणि बाकीच्यांसाठी विधी, शाप व स्पर्शाचे भय : ही व्यवस्था कशी चालते, हे या लेखाच्या वाचकांस पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. अमुक विहिरीला शिवू नये, अमुक वाटेने जाऊ नये, अमुक ग्रंथ कानी पडू नये, असे निर्बंध कारण न सांगता शतकानुशतके पाळून घेतले गेले. त्यांचा हेतू लोकांचे रक्षण हा नव्हता, हे खरे. सेबिऑक यांचा हेतू तो आहे, हेही खरे. परंतु हेतू पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. टिकतो तो अधिकार. खरे कारण फक्त पुरोहितांस ठाऊक असेल तर पाचशे वर्षांनी तेही त्यांना विस्मृत होईल आणि उरेल तो केवळ विधी. एखाद्या दिवशी कोणी धीट मनुष्य त्या दंतकथेची चिकित्सा करील, ती खोटी आहे हे त्यास कळेल, आणि तो खोदावयास लागेल. खोट्या इशाऱ्याचा खरा दोष हा की, विवेकी मनुष्यच त्यास प्रथम नाकारतो. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी आनंदास सांगितले आहे की, तथागताने शिकविताना काही मुठीत राखून ठेवलेले नाही. संघाची परंपरा टिकली ती या उघडपणामुळे. कोणीही यावे, शिकावे, प्रश्न विचारावा. म्हणून एका देशातील कडी तुटली तरी दुसऱ्या देशात ती सापडू शकली.

याउलट टोकाचे मतही आहे. फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर, सुमारे १९० कोटी वर्षांच्या जुन्या खडकात, ४०० मीटरहून अधिक खोलीवर 'ओन्कालो' नावाचे दफनस्थान खोदले आहे; काम २००४ साली सुरू झाले आणि २०२४ मध्ये रिकाम्या पात्रांनिशी चाचणी घेण्यात आली. वापरलेले इंधन तांब्याच्या पात्रांत, भोवती बेंटोनाइट माती. बंद केल्यानंतर कोणी देखरेख न केली तरी ते सुरक्षित राहिले पाहिजे, असा तेथील दंडक आहे. आणि खूण करण्यापेक्षा जागा विसरली जावी हेच बरे, असेही काही जण मानतात. तेथे खोदावेसे वाटेल असे काही खनिज नाही, म्हणून हा विचार अगदीच टाकाऊ नाही. तरी ज्याच्या शेताखाली हे आहे, त्याला ते जाणण्याचा हक्क नाही असे आपणच आज ठरवून टाकावे, हे मनास पटत नाही.

उघडपणाने स्मृती राखण्याचा एक साधासा प्रयोग फ्रान्समध्ये चालू आहे. ला हाग जवळच्या मांश केंद्रात १९६९ ते १९९४ या काळात कमी तीव्रतेचा कचरा साठविला गेला. त्याचे सर्व कागदपत्र टिकाऊ कागदावर छापून एक संच केंद्रात व दुसरा राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेला आहे, आणि सामान्य वाचकांसाठी संक्षिप्त वृत्तान्तही तयार केलेला आहे. परिसरातील रहिवाशांचे गट एकत्र येऊन ही आठवण पुढे कशी द्यावी यावर चर्चा करतात. यात काही भव्य नाही. अशोकाने लेख ठरावीक दिवशी वाचून दाखविण्याची आज्ञा केली होती, तिच्याशी याचे नाते आहे. जपानमध्ये मियाको शहराच्या आनेयोशी या वस्तीतही असाच अनुभव आला. १९३३ च्या त्सुनामीनंतर, या खुणेच्या खाली घरे बांधू नका, असा दगड तेथील वाचलेल्या लोकांनी लावला. त्यांच्या वंशजांनी ते ऐकले. २०११ सालची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वस्ती वाचली. किनाऱ्यावर इतरत्रही असे दगड होते. तेथे लोक पुन्हा खाली उतरून राहिले होते. दगडांत फरक नव्हता. आनेयोशीत त्याचा अर्थ मुलांना सांगितला जात होता.

आजच्या माणसाचे काय?

दूरच्या भविष्याची चिंता करणाऱ्या या सर्व चर्चेत एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. 'विप'मध्येच १४ फेब्रुवारी २०१४ रोजी एक पिंप फुटले आणि किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडले. द्रव शोषून घेण्यासाठी पिंपात खनिज माती घालावयाची होती. लॉस अलामॉस येथील लेखी कार्यपद्धतीत 'असेंद्रिय' ऐवजी 'सेंद्रिय' असा शब्द पडला आणि गव्हापासून बनविलेला भुसा घातला गेला. नायट्रेटशी त्याची प्रक्रिया होऊन पिंप तापले. जागा जवळजवळ तीन वर्षे बंद ठेवावी लागली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, त्याच इंग्रजी भाषेत, एक शब्द धड पोहोचला नाही.

आपल्या देशातही २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असेच घडले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते मोडताना कामगार भाजले, एक मेला. भंगार कोण मोडतो, कचरा कोण वेचतो, गटारात कोण उतरतो, हे आपल्या समाजात जातीवरून ठरत आले आहे. म्हणून इशाऱ्याचा प्रश्न आपल्याकडे केवळ भाषेचा नाही. ज्या पालघर जिल्ह्यात सोपाऱ्याचे शिलालेख मिळाले, त्याच जिल्ह्यात तारापूर आहे. तेथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते व उरलेला तीव्र किरणोत्सर्गी कचरा काचेत बंदिस्त करून देखरेखीखाली ठेवला जातो. भारतात त्याच्या अंतिम दफनाची जागा अद्याप निश्चित झालेली नाही. ती निश्चित होईल तेव्हा कोणत्या गावाच्या भूमीत होईल आणि त्या गावास ते कोणत्या शब्दांत सांगितले जाईल, हा प्रश्न आताच विचारून ठेवलेला बरा.

हे म्हणण्यास कारण आहे. 'विप' बंद होईल तेव्हाची जी योजना अमेरिकन सरकारने स्वीकारली, तीत दगडी काटे नाहीत. सुमारे दहा मीटर उंचीचा मातीचा चौकोनी बांध, त्याच्या आतबाहेर ग्रॅनाइटचे ४८ उंच स्तंभ, बांधात पुरलेली लोहचुंबके, एक दगडी माहितीगृह आणि जमिनीत विखुरलेल्या लहान खुणा, असे तिचे स्वरूप आहे. मजकूर सात भाषांत असावयाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा, म्हणजे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी व अरबी. आणि सातवी नवाहो, ही त्या प्रदेशातील आदिवासींची भाषा.

नवाहोंच्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात अमेरिकेने सुमारे ३ कोटी टन युरेनियमचे खनिज काढले. अणुबॉम्बसाठी खाणीत उतरलेल्या नवाहो कामगारांना वायुवीजन नव्हते, धोक्याची कल्पना कोणी दिली नव्हती. धुळीने माखलेले कपडे घेऊन ते घरी जात, बायका ते धूत. खाणीतील हवेने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे युरोपातील खाणींवरून डॉक्टरांना आधीच ठाऊक होते; सरकारी वैद्यकीय पाहणीत कामगारांची तपासणीही होत होती. तरी त्यांना सांगितले गेले नाही. किरणोत्सार या अर्थाचा शब्द तेव्हा त्यांच्या भाषेत नव्हता आणि तो घडवून देण्याची तसदी कोणी घेतली नाही. अनेक खाणकामगार मेले. भरपाईचा कायदा १९९० साली झाला. पाचशेहून अधिक सोडलेल्या खाणी त्या भूमीत आहेत. दहा हजार वर्षांनंतरच्या अनोळखी माणसासाठी ज्या भाषेत ग्रॅनाइटवर इशारा कोरावयाचा आहे, त्या भाषेत जिवंत माणसांना इशारा दिला गेला नव्हता.

ते ४८ स्तंभ अद्याप उभे राहिलेले नाहीत. कचरा भरण्याचे काम संपल्यावर त्यांची वेळ येईल आणि मजकुराचे अंतिम रूपही तेव्हाच ठरेल. योजनेत मात्र एक तरतूद आहे. सात भाषांतील मजकुराखाली दगडाचा काही भाग कोरा ठेवावयाचा आहे. जुन्या भाषा वाचणे लोकांस अवघड होऊ लागले म्हणजे जो कोणी त्या काळी त्या वाचू शकत असेल, त्याने आपल्या भाषेत तोच मजकूर तेथे कोरावा, यासाठी ती जागा आहे.